फेझंट, ग्राउज, लावे : तुमची लाडकी बंदूक कोणती आणि का?

रानवारा (सू फॉल्स, साउथ डकोटा)

ऑक्टोबर तोंडावर आलाय. आमच्याकडे ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी फेझंटच्या (कोंबडीच्या कुळातला, लांब शेपटीचा पक्षी) शिकारीचा हंगाम उघडतो. त्याआधीचे काही आठवडे गावात कुठेही जा, अगदी न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा, दोनच प्रश्न असतात : यंदा पक्षी किती, आणि तू कुठली बंदूक नेणार? मराठीत यावर गप्पा मारायला कुणी भेटत नाही, म्हणून हा धागा.

सुरुवातीलाच सांगतो, हे सगळं अमेरिकेबद्दल आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय मिटवलाय आणि ते योग्यच झालं. गावाकडच्या तितरांबद्दल इथे कुणी विचारू नये.

विषय माळावरच्या आणि रानातल्या पक्ष्यांचा. फेझंट, लावे, ग्राउज, चकोर, वुडकॉक. बदकं नकोत. बदकांची शिकार म्हणजे दडून बसायचं आणि पक्षी येण्याची वाट बघायची. इथे आपण पक्ष्याकडे जातो. दिवसभर गवतातून, मक्याच्या खुंटांतून, कुत्र्यामागे चालायचं, आणि त्यातले खरे कामाचे क्षण सगळे मिळून मिनिटभराचे. म्हणजे बंदूक उडवण्यापेक्षा कितीतरी पट जास्त वेळ ती वाहायची असते. दुकानात उभं राहून बंदूक निवडणारा नेमकं हेच विसरतो.

माझी लाडकी : इथाका ३७, १६ गेज (म्हणजे नळीचं माप), पंप, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे केली की नवं काडतूस चढतं. माझ्यापेक्षा वयाने मोठी, जुन्या बाजारातून घेतलेली. मूळ रचना जॉन ब्राउनिंगची, पुढे जॉन पेडरसनने त्यात भर घातली. ती आधी रेमिंग्टनने मॉडेल १७ म्हणून काढली होती. पेटंटची मुदत संपल्यावर इथाकाने १९३७मध्ये आपली आवृत्ती आणली. काडतूस खालूनच भरायचं आणि रिकामं टरफल खालूनच पडतं, बाजूला भोक नाही. त्यामुळे गवताचं बी, बर्फ, कचरा आत जात नाही. वजन पावणेतीन किलोच्या आसपास. दुपारी तीन वाजता, पाय बोलायला लागलेले असताना, पाठीमागून कोंबडा, म्हणजे नर फेझंट, फडफडत उठतो तेव्हा ही बंदूक माझ्याआधी खांद्याला पोचलेली असते.

१६ गेजची काडतुसं शोधावी लागतात, हे मान्य. गावातल्या दुकानात १२ची भिंत भरलेली असते, २०चं कपाट असतं आणि १६चे दोन-चार डबे कोपऱ्यात. मी उन्हाळ्यातच साठा करतो.

तुमची कोणती? नुसतं नाव नको, कारण सांगा.

गारगोटीचा_गडी (विचिटा, कॅन्सस)

वा, कुणीतरी काढला एकदाचा विषय!

आपण सरळ माणूस. रेमिंग्टन ८७० विंगमास्टर, १२ गेज. १९५०पासून ही बंदूक निघतेय आणि एक कोटीच्या वर विकल्या गेल्यात, म्हणजे सुटा भाग, जादा नळी, दुरुस्त करणारा, काहीही कुठेही मिळतं. जुन्या विंगमास्टरचा पंप इतका गुळगुळीत चालतो की हात मागे नेला की काम झालं.

रानवारा, तुमच्या १६बद्दल आदर आहे, पण कॅन्ससचा डिसेंबरातला कोंबडा बघा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी हंगाम उघडतो तेव्हा पिल्लावळ असते, कुत्र्याच्या नाकाखालून उठते. डिसेंबरात जे उरलेत ते सगळे शिकलेले. गाडीचं दार वाजलं की शेताच्या पलीकडच्या टोकाने पसार. पस्तीस-चाळीस यार्डांवर उठणार, वर वारा पाठीशी. त्याला सव्वा औंस पाच नंबरचा छर्राच लागतो, आणि तो १२मधूनच नीट सुटतो.

पेशवे_पार्क (मिनियापोलिस)

धागा वाचनखुणांत साठवला.

मी दुनळीवाला. वर-खाली नळ्यांची ब्राउनिंग सिटोरी, २० गेज, २८ इंची नळ्या. सिटोरी १९७३पासून जपानात मिरोकूकडे बनते. तिची आजी म्हणजे सुपरपोज्ड, जॉन ब्राउनिंगचा शेवटचा आराखडा. तो १९२६मध्ये लिएजला वारला तेव्हा काम अपुरं होतं, मुलाने पुरं केलं आणि १९३१मध्ये ती बाजारात आली.

कारण विचारलंत म्हणून : दोन नळ्या, दोन चोक (नळीच्या तोंडाची आवळण). खालच्या नळीत इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, म्हणजे मोकळा, वरच्या नळीत मॉडिफाइड, म्हणजे जरा घट्ट. पक्षी जवळ उठला तर खालची आधी, दूर उठला तर बोटाने खटका सरकवून वरची. पंपवाल्याच्या नळीत सकाळी जो चोक बसवला तोच दुपारपर्यंत.

दुसरं कारण सुरक्षिततेचं, आणि माझ्या मते तेच मोठं. दुनळी बिजागरीत मोडून हातावर घेतली की समोरच्या माणसाला दोन्ही नळ्यांतून आरपार दिसतं. तारेचं कुंपण ओलांडताना, ओढा उतरताना, दुपारी डबा खाताना कुणी कुणाला विचारायची गरज नाही. पंप किंवा सेमी-ऑटोची (बार झाला की पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) आतली गोष्ट तिच्या मालकालाच माहीत.

डावखुरी (मॅडिसन, विस्कॉन्सिन)

इथे डावखुऱ्यांचं कुणाला काही पडलेलं नाही असं दिसतंय :)

उजव्या हाताच्या सेमी-ऑटोचं टरफल डावखुऱ्याच्या डोळ्यांसमोरून जातं. सेफ्टीचं बटण चापामागे आडवं असेल तर तेही उलट्या बाजूला. म्हणून रानवारांची इथाका मला पटते, टरफल खाली पडतं. मॉसबर्ग ५००ची सेफ्टी वर, अंगठ्याखाली असते, ती दोन्ही हातांना सारखी. माझी पहिली बंदूक तीच होती, आखूड दस्त्याची (दस्ता म्हणजे खांद्याला टेकणारा भाग), २० गेज, पाचशे डॉलरच्या आत. आजही पाऊस असला की तीच नेते.

पण लाडकी विचाराल तर २८ गेजची वर-खाली दुनळी. मी ग्राउज आणि वुडकॉकच्या मागे असते. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला ॲस्पेनच्या कोवळ्या रानात पंधरा-वीस यार्डांच्या पलीकडे दिसतच नाही. ग्राउज उठतो तो आवाजाने कळतो, दिसतो तो अर्धा सेकंद, मग मध्ये झाड. तिथे लांब नळी फांदीत अडकते आणि जड बंदूक उशिरा पोचते. पाऊण औंस छर्रा, सगळ्यात मोकळा चोक, २६ इंची नळ्या. बास.

गारगोटीच्या गड्याने त्याची तोफ घेऊन आमच्याकडे यावं, मी पैज लावते की तो झाडंच मारेल.

गारगोटीचा_गडी

ताई, झाडांना आम्ही कोल्हापुरात पण सोडलं नव्हतं. हलकेच घ्या.

शाकाहारी_वाघ

मला राहवत नाही म्हणून लिहितोय. त्या बिचाऱ्या पक्ष्यांनी तुमचं काय घोडं मारलंय? सुपरमार्केटात कोंबडी मिळते ना? आणि "लाडकी बंदूक" हा शब्दप्रयोगच मला कसातरी वाटतो.

रानवारा

वाघ, प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर देतो. एकदाच, मग परत विषयावर.

फेझंट इथला नाहीच. शांघायमध्ये अमेरिकेचा वाणिज्यदूत असलेल्या ओवेन डेनीने १८८१-८२मध्ये चीनमधून पक्षी पाठवले, ते ओरेगनच्या विलामेट खोऱ्यात रुजले आणि तिथून हा पक्षी देशभर गेला. साउथ डकोटात पहिला हंगाम १९१९ साली, एका जिल्ह्यात, एका दिवसाचा. आज तो राज्याचा पक्षी आहे. त्याला लागतं गवत. शेतकरी गवत ठेवणार कशासाठी? १९८५पासून केंद्र सरकार पडीक ठेवलेल्या जमिनीचं भाडं देतं, त्या योजनेची जमीन वाढली की पक्षी वाढतात, करार संपून नांगर फिरला की घटतात. बंदुकीमुळे नाही, नांगरामुळे. आणि लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. मी काडतुसाचा डबा घेतला की त्यातून कुठेतरी गवत लागतं.

मारतो फक्त नर. कोंबडा रंगीत, लांब शेपटीचा, उठताना ओरडतो. मादी तपकिरी, गप्प. दिवसाला तीन नर, सकाळी दहाच्या आधी बार काढायचा नाही. एक कोंबडा अनेक माद्यांना पुरतो, म्हणून हा हिशेब चालतो.

एवढं करूनही तुम्हाला पटणार नाही, आणि पटावं असा आग्रह नाही. मारलेलं सगळं आम्ही खातो.

शाकाहारी_वाघ

पटलं नाही, पण करांचं माहीत नव्हतं. वाचत राहीन.

नवा_भिडू (मिनियापोलिस)

मंडळी, मी या विषयात कोरी पाटी. ऑफिसातला एक सहकारी मागच्या वर्षी सोबत घेऊन गेला, बंदूक हातात न घेता नुसता कुत्र्यामागे चाललो, आणि आता झोप लागत नाही. माझे प्रश्न :

एच-१बी वर आहे. बंदूक घेता येते का मुळात? १२ की २०? उंची पाच फूट पाच, अंगकाठी किरकोळ. आणि बजेट बेताचं, बायकोला आकडा सांगता आला पाहिजे.

पेशवे_पार्क

पहिल्या प्रश्नावर नीट लक्ष द्या, कारण इथे चूक म्हणजे थेट गुन्हा.

ग्रीन कार्डवाल्याला केंद्राच्या कायद्यात सिटिझनसारखीच मुभा आहे. पण एच-१बी, एल-१, विद्यार्थी व्हिसा यांना मुळात बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई आहे. नुसतं विकत घ्यायला नव्हे, जवळ ठेवायलाही. मित्राची बंदूक हातात धरली तरी प्रश्न येतो. या मनाईला जे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एक : अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्याचा चालू शिकार-परवाना तुमच्याकडे असला पाहिजे. "चालू" या शब्दाखाली दोन रेघा मारा. परवाना संपला आणि बंदूक कपाटात राहिली की तुम्ही पुन्हा मनाईत. म्हणून नूतनीकरणाची तारीख फोनवर टाका.

क्रम असा ठेवा. आधी प्रशिक्षण. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्याला शिकार-परवान्यासाठी बंदूक-सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. मग परवाना. मग दुकान. दुकानदार केंद्राचा अर्ज भरून घेतो, त्यात व्हिसाचा प्रश्न आहे आणि अपवादाचाही. खरं लिहा, परवान्याची प्रत सोबत द्या. राज्या-राज्यांचे नियम वेगळे. इलिनॉयमध्ये ओळखपत्र वेगळं लागतं, न्यू जर्सीत वेगळं. तिथे बदली झाली तर आधी चौकशी करा. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, या धाग्याला नको.

डावखुरी

गेजबद्दल मी सांगते, कारण किरकोळ अंगकाठी हा माझाही विषय आहे.

आकड्याचा अर्थ आधी. एक पौंड शिशाचे नळीच्या मापाचे जेवढे गोळे होतील तो आकडा. बारा गोळे झाले तर १२ गेज, वीस झाले तर २०. म्हणून आकडा मोठा तशी नळी बारीक. १२ची नळी साधारण १८.५ मिमी, २०ची १५.६. फक्त ४१० हा याला अपवाद, ते इंचातलं माप आहे.

आता लोक तुम्हाला सांगतील की २० कमजोर. छर्रा तोच, वेग जवळपास तोच. फरक इतकाच की १२ गेजच्या काडतुसात छर्रे जास्त मावतात, म्हणून दूरवर पसारा दाट राहतो. पण नेमाच्या मधोमध असाल तर २०चा एक औंस पुरतो. आणि २०ची बंदूक हलकी असते. सिटोरी किंवा बेरेटाची १२ घ्या, साडेतीन किलोला टेकते. २०ची तीनच्या आसपास. अर्धा किलो म्हणजे काय, हे दुपारी कळतं.

आणि एक जीवघेणी गोष्ट. १२ची आणि २०ची काडतुसं एकाच खिशात कधीही नकोत. २०चं काडतूस १२च्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं, नळी रिकामी वाटते, वर १२चं भरलं जातं आणि चाप ओढला की नळी फुटते. म्हणूनच २०ची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. घरात दोन्ही गेजच्या बंदुका असतील तर जाकिटाचे खिसे घरी येऊन उलटे करा.

काका_नेवाडावाले (रिनो)

पोरांनो, गेजवर भांडताय, ब्रँडवर भांडताय, पण दस्त्याबद्दल कुणी बोललं नाही. बंदूक बसते का तुम्हाला?

उडत्या पक्ष्यावर नेम धरून बार काढायचा नसतो. रायफलीसारखं एक डोळा मिटून माशीवर बघत बसलात की पक्षी गेला. दोन्ही डोळे उघडे, नजर पक्ष्यावर, बंदूक आपोआप नजरेच्या रेषेत यायला हवी. ती येईल की नाही हे दस्त्याच्या मापावर ठरतं. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर, गाल टेकतो तिथली उतरण आणि दस्त्याचा बाजूला कल.

कारखान्याचा दस्ता सव्वाचौदा-साडेचौदा इंचांचा, सरासरी अमेरिकन माणसाच्या अंगाचा. आपल्या पाच फूट पाचवाल्याने त्यावर जाड कोट चढवला की दस्ता काखेत अडकतो. मग तो म्हणतो माझा नेमच वाईट. नेमाचा दोष नाही, शिंप्याचा आहे.

घरच्या घरी परीक्षा. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघा. भिंतीवरच्या एका खुणेवर नजर ठेवा, डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. नळीवरची पट्टी सरळ खुणेकडे जाताना दिसली तर बसली. पट्टीचा डोंगर दिसला तर दस्ता उंच. नुसता नळीचा मागचा भाग दिसला तर गाल फार खाली गेलाय. हीच परीक्षा हिवाळी कोट घालून परत करा.

कुठला डोळा बलवान तेही बघा. दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून दूरची वस्तू त्यात धरा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू जागच्या जागी राहते तो तुमचा. उजव्या हाताचा माणूस आणि बलवान डोळा डावा असेल तर ते आधी सोडवा, बंदूक नंतर.

नवा_भिडू

काका, दंडवत. डोळा डावा निघाला. हात उजवा. आता?

काका_नेवाडावाले

रडू नकोस. दोन रस्ते. एक, डाव्या खांद्यावरून शिकायचं. तू कोरी पाटी आहेस, तुला ते सोपं जाईल, जुन्या सवयी मोडायच्या नाहीत. दोन, चष्म्याच्या डाव्या काचेवर पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा ठिपका, नळी दिसेल त्या जागी. मी पहिला सांगेन. आणि मग डावखुरीचं सगळं तुला लागू : खाली टरफल टाकणारी, सेफ्टी वर असलेली, किंवा दुनळी.

माझी स्वतःची कोणती, ते राहिलंच. मी चकोरांच्या मागे असतो. हो, तोच, चांदणं पिणारा. त्याचे पूर्वज आपल्याच उपखंडातून इथे आणले, आणि नेवाडाच्या खडकाळ उतारांवर तो इतका रमलाय की त्याला परत जायचं नाही. पळतो चढावर, उडतो उतारावर. तुम्ही धापा टाकत वर पोचलात की तो खाली गेलेला. तिथे प्रत्येक ग्रॅम मोजला जातो. माझी शेजारशेजार नळ्यांची, स्पेनमधल्या एइबारची, २० गेज, दोन चाप, सरळ मुठीचा दस्ता. दोन चापांचा फायदा पेशवे पार्कने सांगितलेल्या खटक्यापेक्षा मोठा आहे. बोट पुढच्या चापावर गेलं की मोकळी नळी, मागच्यावर गेलं की घट्ट. विचार करावाच लागत नाही.

जुन्या दुनळ्यांच्या मोहात पडणाऱ्यांसाठी मात्र एक इशारा. पार्कर, फॉक्स, एल. सी. स्मिथ, जुनी इथाका, बघूनच जीव जातो. पण जुन्या अमेरिकन १६ गेजची कोठी (काडतूस बसतं ती जागा) बऱ्याचदा २ ९/१६ इंची असते, आजचं काडतूस पावणेतीन इंची. लोखंडाचे छर्रे तर त्या पातळ नळीत आणि घट्ट चोकमध्ये घालूच नका. नळीवर सापाच्या कातडीसारखी नक्षी दिसली, म्हणजे दमास्कस, तर जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय त्यात आजचं काडतूस घालायचं नाही. मग भिंतीवर लावा, चहा घेत बघा.

कोकणी_बार (रत्नागिरी)

मी इथूनच वाचतोय. आमच्या घरी आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाची एकनळी होती, १२ बोअर, डुकरांना पिटाळायला. चोक, दस्त्याचं माप असलं काही कुणाला ठाऊक नव्हतं, बार झाला की डुक्कर पळायचं आणि गाव जागं व्हायचं. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. तुमच्याकडे चोक म्हणजे नेमकं काय करतात, ते सांगाल का कुणी? आमच्या नळीत काही आत-बाहेर करता यायचं नाही.

रानवारा

कोकणी बार, नळीच्या तोंडाशी थोडीशी आवळण. छर्रे बाहेर पडले की पसरतात, आवळण जास्त तर पसरणं कमी. मोजायची पद्धत अशी : चाळीस यार्डांवर कागद लावायचा, बार काढायचा आणि तीस इंचांच्या वर्तुळात किती छर्रे आले ते मोजायचे. आवळण नसेल तर सुमारे ४० टक्के, इम्प्रूव्ह्डमध्ये ५०, मॉडिफाइडमध्ये ६०, फुलमध्ये ७०. तुमच्या आजोबांची बहुधा फुल असावी, जुन्या एकनळ्या तशाच असत.

पण हे आकडे पुस्तकी. माझ्या १६मध्ये एकाच चोकने दोन कंपन्यांची काडतुसं वेगवेगळा पसारा देतात. म्हणून प्रत्येकाने आपल्या बंदुकीला आपलं काडतूस घालून कागदावर बघावं. लोक हजारोंची बंदूक घेतात आणि दोन रुपयांचा कागद लावत नाहीत.

आणि गारगोटीच्या गड्याला उत्तर द्यायचं राहिलंय. डिसेंबरात १२ बरी, हे मी मान्य करतो. तरी मी १६च नेतो. कारण मी चाळीस यार्डांवर बार काढत नाही. त्या अंतरावर पंखात एक-दोन छर्रे घेऊन पक्षी जातो, गवतात पडतो, कुत्र्याला सापडत नाही आणि कोल्ह्याच्या तोंडी लागतो. दाट पसाऱ्याने माझा पल्ला पाच यार्ड वाढेल, मोह दहा यार्ड वाढेल.

गारगोटीचा_गडी

हे पटलं नाही. मोह माणसात असतो, गेजमध्ये नसतो. माझा लॅब्राडोर पडलेला पक्षी सोडत नाही, आणि दाट पसारा म्हणजे पक्षी जागच्या जागी ठार, जखमी नाही. तुमचा १६वाला पस्तीसवर बार काढतो तेव्हा त्याच्या पसाऱ्याला कडेने भोकं पडलेली असतात. जखमी जास्त कोण करतो मग?

डावखुरी

दोघेही आपापल्या गवतात बरोबर आहात. कुत्रा हे खरं कारण आहे, बघा. रानवारांचा कुत्रा पॉइंटर, थांबून दाखवतो, माणूस जवळ पोचतो आणि मग पक्षी उठतो. लॅब्राडोर पुढे घुसून उठवतो, कधी कधी दूरवर. कुत्र्याप्रमाणे अंतर बदलतं, अंतराप्रमाणे बंदूक.

रानवारा

हे मात्र मला सुचलं नव्हतं. माझी ब्रिटनी जातीची कुत्री आहे, आणि हो, ती खांबासारखी उभी राहते.

पेशवे_पार्क

नव्या भिडूसाठी आणखी एक, कारण मिनेसोटात हे रोजचं आहे. पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या केंद्राच्या जमिनींवर फेझंट मारायलाही शिशाचे छर्रे चालत नाहीत. बदकांच्या शिकारीत शिसं १९९१पासून देशभर बंद आहे, कॅलिफोर्नियात तर जुलै २०१९पासून सगळ्याच शिकारीत. लोखंड शिशापेक्षा हलकं, म्हणून छर्रा एक-दोन नंबर मोठा घ्यावा लागतो. नंबर लहान तसा छर्रा मोठा, म्हणून शिशाचा पाच असेल तर लोखंडाचा तीन. बिस्मथ धातूचा छर्रा चांगला, जुन्या नळ्यांनाही सोसतो, पण डबा घेताना हात थरथरतो. सार्वजनिक जमिनीवर फिरणार असाल तर लोखंड चालणारी आजची बंदूकच घ्या.

सेमी-ऑटोचं कुणी नाव काढलं नाही म्हणून तेही. गॅसवर चालणारी असेल, रेमिंग्टन ११०० किंवा बेरेटाची, तर खांद्याला धक्का निम्मा वाटतो. बेनेलीची जडत्वावर चालते, आत काजळी कमी, वजनही कमी, पण धक्का जाणवतो. मला स्वतःला टरफलं वेचत बसायचा कंटाळा येतो. दुनळी मोडली की ती हातात येतात.

काका_नेवाडावाले

रानवारा, तुझ्या इथाकाबद्दल एक विचारायचंय. १९७५च्या आधीची असेल तर चाप दाबून धरून पंप मारला की बार होतो, माहीत आहे ना? नवख्याच्या हातात देऊ नकोस.

रानवारा

माहीत आहे काका, आधीचीच आहे. म्हणून ती कुणाला उसनी देत नाही. पाहुण्यासाठी मॉसबर्ग ठेवलीये.

नवा_भिडू

सगळं दोनदा वाचलं. ठरवलंय ते असं. आधी सुरक्षेचा कोर्स आणि परवाना. मग २० गेजची मॉसबर्ग ५००, आखूड दस्त्याची, जुनी मिळाली तर जुनी. डाव्या खांद्यावरून शिकणार. या हंगामात हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवरच सराव, पक्षी पुढच्या वर्षी. बायकोला आकडा सांगितला, ती म्हणाली त्यात कुत्र्याचा खर्च धरलाय का?

आणि शेवटचा प्रश्न तिचाच : फेझंट शिजवायचा कसा?

डावखुरी

कुत्र्याचा खर्च बंदुकीच्या दसपट. आता सांगितलंत तर बरं.

मांसाला चरबी अजिबात नाही, कोंबडीसारखा शिजवला की कोरडा ठणठणीत. छातीचे तुकडे वेगळे काढून दह्यात मुरवा आणि झटपट परता. मांड्या-तंगड्यांत कडक शिरा असतात, त्या कुकरमध्ये. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, चार-पाच शिट्ट्या. रस्सा गावरान कोंबडीच्या जवळ जातो. आधी बोटांनी चाचपून छर्रे काढा, विशेषतः लोखंडाचे, दाताचा डॉक्टर इथे बंदुकीपेक्षा महाग पडतो.

गारगोटीचा_गडी

वाटणात तीळ आणि कांदा-लसूण चटणी घाला, खोबरं भाजून. आणि रानातून घरी आणताना एक पाय किंवा डोकं पक्ष्याला राहू द्या, वाटेत वन अधिकाऱ्याने थांबवलं तर नर आहे हे दाखवावं लागतं. सगळं सोलून पिशवीत भरलंत तर दंड.

पेशवे_पार्क

भिडू, मी मिनियापोलिसातच आहे. परवाना हातात आला की व्यक्तिगत निरोप करा, एखाद्या रविवारी तबकड्यांच्या मैदानावर जाऊ. माझी २०ची तिथे खांद्याला लावून बघा, मग डावखुरीची मॉसबर्ग ठरवा. कानाची बोंडं आणि चष्मा तुमचे तुम्ही आणा, काडतुसांचे पैसे निम्मे-निम्मे.